फेरेंच टोस

“अंडं कुठी ठेवलं?”

कौतिक आत्यांचा हात माझ्या पिशवीत कोपरापर्यंत गेला होता. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे परत आल्या, आणि तेव्हापासून त्या घरात चुलीपासून देवघरापर्यंत त्यांचा कायदा चालत होता.

“अंडं आणलंच नाही, आत्या. मी अंड्याशिवाय करणार आहे.”

“मंग ही डबी कशाची?”

“कस्टर्ड पावडर. मक्याचं पीठ असतं.”

“मका पांढरा असो का पिवळा, असा हळदीवानी नसतो.” त्यांनी डबी उघडून वास घेतला. मग व्हॅनिलाची बाटली उघडून वास घेतला. “अन् हे दवाई हाये का?”

“वासासाठी असतं ते.”

“वासासाठी आमच्याकडे विलायची असते,” असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि चुलीजवळ पाट घेऊन बसल्या. माझ्यावर पाळत ठेवायला.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि रावेरजवळच्या त्या गावात, सासरी, मी दुसऱ्यांदाच आलो होतो. मूळचा मी चिपळूणचा, नोकरीला पुण्यात. त्या काळात मला स्वयंपाकाचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे, एका शनिवार-रविवारच्या शिबिरात जाऊन मी पाच-सहा विलायती पदार्थ शिकलो होतो, आणि शिबिराचं प्रमाणपत्र चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीच्या नशिबीही ते भाग्य आलं नव्हतं. कोणाच्याही घरी जाताना मी स्वतःचा नॉनस्टिक तवा बरोबर नेत असे. लोक मला दुसऱ्यांदा बोलवायला का बिचकतात, हे माझ्या लक्षात यायला पुढे बराच काळ जावा लागला.

पण त्या सकाळी खरी गोष्ट वेगळीच होती. माझ्या सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी पोटात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, परत आले. दरवर्षी जळगावला तपासणी असायची, आणि या वर्षीची तपासणी नीट आली तर डॉक्टर म्हणणार होते की आता काळजी मिटली. पहाटेच माझी बायको हर्षदा आणि माझा मेहुणा त्यांना जीपमधून घेऊन गेले होते. दुपारपर्यंत फोन येणार होता.

आणि तपासणीच्या दिवशी आबा, म्हणजे माझे सासरे सोपान बऱ्हाटे, काही खात नसत. उपास वगैरे नाही. घास उतरतच नसे. बाहेर ओट्यावर बाज टाकून, तिच्यावर मोबाइल ठेवून, जळगावच्या रस्त्याकडे बघत बसायचे. मागच्या वर्षी असेच बसले आणि घेरी येऊन ओट्यावरून खाली आले. कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, या वयात उपाशी राहायचं नाही.

निघताना हर्षदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझ्यावर एकच काम सोपवतेय. आबांना खायला घाल. पोहे कर. त्यांना पोहे आवडतात. शहाणपणा करू नकोस.”

“पोहे कोणीही करेल.”

“म्हणूनच म्हणतेय, पोहे कर.”

सासूबाई जीपमध्ये बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. “करू दे वं त्याले काय करायचं ते. मी सांगून ठेवलंय ह्यायले. पाव्हण्यांनी जे केलं ते खायचं, नाही म्हनायचं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खाऊ घाला, बापू. माझ्या मागं उपाशी नका राहू देऊ.”

जीप गेली. मी आत येऊन एप्रन चढवला. त्याच्यावर इंग्रजीत ‘शेफ’ असं लिहिलेलं होतं. बरं झालं, आत्यांना इंग्रजी येत नव्हतं.

आबांशी माझं बोलणं म्हणाल तर फारसं नव्हतंच. आले की “या”, जेवताना “घ्या”, निघताना “येत जा”. माणूस रागीट नव्हता, कमी बोलणारा होता. जन्मभर केळी लावल्या आणि केळींना फार बोलावं लागत नाही. पण मला वाटायचं, हे मला अजून पाहुणाच समजतात. चार लोकांत ‘आमचे जवाई’ म्हणून खांद्यावर हात ठेवत नाहीत. तो हात खांद्यावर पडावा अशी माझी फार इच्छा होती. आज संधी होती. जो माणूस अन्नाला शिवत नाही, त्याला मी खाऊ घालणार होतो. तेही पोह्यांनी नव्हे.

बेत ठरलेला होता. फ्रेंच टोस्ट आणि वर साखरेच्या पाकात खरपूस परतलेली सफरचंदं. सफरचंदं मी पुण्याहून आणली होती. पिशवीत हात घातला तर नाहीत.

“आत्या, सफरचंदं?”

“हर्षीच्या पिशवीत घातली ना. दवाखान्यात जाऊ राह्यली, रिकाम्या हातानं कसं पाठवू?”

आदल्या दिवशी असंच फणसपोळीचं झालं होतं. आमच्या घरून आणलेली फणसपोळी मी कौतुकाने आत्यांपुढे धरली, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. “मले नही चालत.” मी समजलो, साखर असेल. पाचच मिनिटांनी त्यांनी पेढे खाल्ले, एक सोडून दोन, तेव्हा मात्र मला काहीच कळेना. पण जावयाने सासरी फार प्रश्न विचारू नयेत.

तर सफरचंदं गेली. मी ब्रेड भिजवायची तयारी करू लागलो. ब्रेड रावेरच्या बसस्टँडवरून मेहुण्याने आणून ठेवला होता. त्याला त्या घरात डबलरोटी म्हणत आणि ती आजारी माणसाशिवाय कोणी खात नसे. पातेल्यात दूध घेतलं, त्यात वाटीभर साय घुसळली. अशी साय पुण्यात स्वप्नातही येत नाही. कस्टर्ड पावडर, साखर, व्हॅनिला, आणि आत्यांच्या समाधानासाठी विलायची. आत्या एकेक गोष्ट बघत होत्या. शेवटी त्यांची खात्री पटली की अंडं कुठून येण्याची आता शक्यता नाही. उठल्या, पदर खोचला.

“मी महादेवाले जाऊन येते. आज लवकर जायचं व्हतं. हर्षीच्या मायसाठी अभिषेक सांगितलाय.” दारातून पुन्हा वळून बघितलं. “अंडं नही ना?”

“नाही हो आत्या.”

“मंग काय करायचं ते करा,” असं म्हणून त्या गेल्या.

आणि मी काय करायचं ते केलं.

पडवीत आढ्याला केळीचा अख्खा घड टांगलेला होता. पिवळाधमक, नुकता पिकलेला. दोन दिवस मी त्याच्याखालून ये-जा करत होतो. एकदम डोक्यात उजेड पडला. शिबिरातले आमचे गुरुजी म्हणायचे, जिथे जाल तिथलं फळ वापरा. केळीच्या राज्यात येऊन मी सफरचंदासाठी रडत होतो! आबांनी स्वतः लावलेली, स्वतः पाणी पाजलेली केळी आबांच्याच ताटात, पण अशा रूपात की त्यांनी आयुष्यात पाहिली नसतील. मला माझाच अभिमान वाटला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण ज्याने केली त्याने मला कुठेतरी पाहिलं असणार.

पहिली साखर करपली. पितळी कढईत, गॅसच्या मोठ्या आचेवर. घरभर कडू धूर झाला. ओट्यावरून आबांचं खाकरणं ऐकू आलं. कढई घासून पुन्हा सुरुवात केली. साखर एकसारखी पसरली, पाण्याचा थेंब नाही, मंद आच. आधी कडेने वितळली, मग सोनेरी झाली, मग गुळाच्या रंगाची. त्या क्षणी घरचं लोणी टाकलं. फसफसून वर आलं. मीठ चिमूटभर. मग उभी चिरलेली केळी, सपाट बाजू खाली. केळं उलटायची घाई करायची नाही, हे मी शिबिरात शिकलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाळत होतो. उलटलं तर खालून तांबूस, चकचकीत, कडेला कुरकुरीत. तिकडे तव्यावर तुपात ब्रेडचे तुकडे दोन्ही बाजूंनी खरपूस झाले, आत खिरीसारखे मऊ राहिले. स्टीलच्या थाळीत टोस्ट ठेवला, वर केळी रचली, कढईतला पाक ओतला, सायीचा गोळा ठेवला. खरं सांगतो, तसा फ्रेंच टोस्ट त्यानंतर माझ्या हातून झाला नाही.

आबा रस्त्याकडे बघत होते. मी थाळी बाजेवर ठेवली आणि हात बांधून उभा राहिलो, हॉटेलातला वेटर उभा राहतो तसा.

त्यांनी थाळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हे काय हाये?”

“फ्रेंच टोस्ट, आबा.”

“अन् वरती?”

इथे मी साधं उत्तर द्यायला हवं होतं. एका शब्दात काम झालं असतं. पण माझ्या अंगात त्या दिवशी विलायती आचारी संचारला होता. मी म्हणालो, “ओळखा पाहू!”

आबांनी थाळी किंचित उचलून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

“वळखलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी थाळी खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटून पुटपुटले काहीतरी. मला वाटलं, वा, किती श्रद्धेने जेवतात हे लोक! त्यांनी थाळी कपाळाला लावली आणि खायला सुरुवात केली. सावकाश, एकेक घास. चावताना डोळे मिटत होते. पाक बोटाने पुसून घेतला. थाळी लख्ख झाली.

“अजून आणतो.”

“नको. पुरे.”

“असं कसं? एक तरी!”

खान्देशात येऊन आग्रह कसा करतात ते मी पहिल्या भेटीत शिकलो होतो. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. मी तसाच आत पळालो आणि दुसरी थाळी भरून आणली. आबांनी एक सुस्कारा टाकला.

“आता काय,” ते म्हणाले. “बुडालं ते बुडालं.” आणि तीही खाल्ली.

मला या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि मी लावायच्या फंदातही पडलो नाही. मी मनातल्या मनात हर्षदाला सांगायची वाक्यं जुळवत होतो. ‘पोहे म्हणे!’ इथून सुरुवात करायची ठरवली होती.

तेवढ्यात आत्या आल्या. एका हातात अभिषेकाच्या तीर्थाचा गडू, दुसऱ्या हातात बेलाची पानं. ओट्याची पायरी चढल्या, आणि त्यांची नजर थाळीवर पडली. थाळीच्या कडेला केळ्याचा एक तुकडा पाकात चिकटून राहिला होता. त्यांनी तो बोटाने उचलला. वास घेतला. त्यांना वास घेतल्याशिवाय काही पटत नसे.

“दादा,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. “हे केळं हाये.”

“हाये.”

“तू खाल्लं?”

“खाल्लं.”

गडू त्यांच्या हातातून सुटला नाही, पण त्यातलं अर्धं तीर्थ ओट्यावर सांडलं. “अरे माय माय माय! आजच्याच दिवशी! आजच्याच दिवशी खाल्लं रे दादा!”

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. “तुमाले कोनी सांगितलं नही? हर्षीनं नही सांगितलं?”

“काय नाही सांगितलं?”

आणि मग त्यांनी सांगितलं. सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली त्या वर्षी आबा आणि आत्या काशीला गेले होते. काशीला गेलं की आपल्या आवडीचा एक पदार्थ गंगेत सोडून यायचा, पुन्हा जन्मात तोंडात घालायचा नाही, अशी रीत आहे. लोक यातही हुशारी करतात. ज्याला कारलं आवडत नाही तो कारलं सोडतो. आत्यांनी स्वतः फणस सोडला होता. रावेरात फणस कुठून येणार? त्यांनी तो सोडण्याआधी कधी चाखलाही नव्हता. मी चिपळूणहून फणसपोळी घेऊन उगवेपर्यंत त्यांच्या व्रताला एकदाही धोका झाला नव्हता.

आबांनी केळं सोडलं.

रावेरात. केळीचा बागाईतदार असून. सकाळी दुधात केळं, दुपारी वरणासोबत केळं, मळ्यात उभ्याउभ्या केळं, असं ज्याचं पन्नास वर्षं चाललं होतं, त्याने गंगेत उभं राहून सांगितलं, हिला वाचव, मी केळं सोडलं. तीन वर्षं दारात घड पिकत होते, पाहुण्यांना फण्या भरून जात होत्या आणि हा माणूस एका सालीलाही शिवला नव्हता. घरात सगळ्यांना हे इतकं ठाऊक होतं की मला वेगळं सांगावं असं कोणाला सुचलंच नाही. आणि सकाळपासून अख्खं घर पहारा देत होतं ते अंड्यावर.

मी बाजेच्या कडेला टेकलो. मी काही नवससायास मानणारा माणूस नाही. पुण्यात मित्रांपुढे मी या विषयावर तासभर बोलू शकतो. पण त्या क्षणी मला फक्त जळगावचा तो दवाखाना दिसत होता, आणि जीपमध्ये बसून हसणाऱ्या सासूबाई. वाटलं, आता फोन वाजला आणि काही वाईट ऐकावं लागलं, तर या घरात कोणीही मला काही बोलणार नाही. आणि तेच मला सहन होणार नाही.

“आबा, मला खरंच माहीत नव्हतं.”

“माहीत हाये मले.”

“पण तुम्हाला तर कळलं होतं ना? तुम्ही ओळखलंत!”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. थोडं दुखावल्यासारखं.

“पन्नास वर्षं केळी लावू राह्यलो, बापू. डोळे बांधून वास दिला तरी जात सांगीन. तुमी साखर जाळा, लोनी टाका, काय करायचं ते करा. केळं लपतं का?”

“मग खाल्लंत कशाला?”

ते म्हणाले, “ती सांगून गेली ना. पाव्हण्यांनी केलं ते खायचं, नाही म्हनायचं नाही. मी हो म्हटलं तिले.” त्यांनी धोतराच्या सोग्याने ओठ पुसले. “इकडं महादेवाले शब्द दिलेला, तिकडं हिले. दोन्हीकडून अडकलो. मंग म्हटलं, महादेवाची माफी मागता येते. हिची मागून पाहा एकदा!”

आत्या पदराने डोळे पुसत होत्या. त्या अवस्थेतही त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आणि मग त्या आणखी जोरात रडायला लागल्या.

“रडू नको वं,” आबा म्हणाले. “तांब्या आन.”

अंगणात जाऊन त्यांनी चूळ भरली, पाय धुतले, उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या तळहातावर पाणी घेतलं. मग मान वळवून मला विचारलं, “काय नाव सांगितलं त्याचं?”

“कशाचं?”

“आत्ता खाल्लं त्याचं.”

“फ्रेंच टोस्ट.”

त्यांनी दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग सूर्याला, महादेवाला, ज्याला सांगायचं त्याला मोठ्याने सांगितलं, “महादेवा, चूक झाली. केळं पुन्हा नही खाणार. अन् चुकीच्या बदल्यात आजपासून फेरेंच टोस सोडलं. तिले नीट घरी पाठव.” आणि पाणी सोडलं.

मी एप्रन घालून बाजूला उभा होतो. ‘शेफ.’

त्यानंतर फोन येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. आबा बाजेवर, आत्या जपमाळ घेऊन उंबऱ्यावर, आणि मी उगाचच चार वेळा कढई घासली. फोन वाजला तेव्हा तिघांपैकी एकालाही तो उचलवेना. शेवटी आबांनीच उचलला. ऐकलं. “हं,” म्हणाले. पुन्हा “हं.” मग फोन बाजेवर ठेवला.

“काय म्हने, दादा?”

“सगळं चांगलं हाये. आता पुन्हा बोलवलं नही.” ते आत्यांकडे वळले. “कौतिक, पोहे टाक. भूक लागली.”

मी कढईला कवटाळून आत गेलो आणि फडताळाआड उभा राहून रडलो. आनंदाने, बऱ्यापैकी लाजेने, आणि पोह्यांनीसुद्धा मला थोडं रडवलं.

सासूबाई घरी आल्या, त्यांना सगळं समजलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. “तुमाले खाऊ घाला म्हटलं व्हतं, बापू. धर्म बुडवा नव्हतं म्हटलं!” हर्षदा हसली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, “पोह्यांत काय वाईट होतं?”

त्या दिवसापासून सासरच्या गोतावळ्यात माझी कायमची ओळख झाली. लग्नाच्या मांडवात, बारशाला, कुठेही. “हे कोण?” “अहो, ज्यांच्या हातचं सोपान आबाले शपथेवर सोडावं लागलं, ते.” आत्या तर पाहुण्यांना हिशेब ऐकवायच्या, “मी फणस सोडला, दादानं केळं सोडलं, अन् वरून जवायाचं फेरेंच टोस.” मी हसायचो. हसण्याशिवाय जावयाच्या हातात असतं काय?

पण आत एक काटा राहून गेला होता. काशीची रीत दोन तऱ्हेची. कोणी जीव की प्राण असतं ते सोडतं, कोणी नकोसं असतं ते. मी कोणत्यातला? आबांनी केळं सोडलं तसं मला सोडलं, की आत्यांनी फणस सोडला तसं? म्हणजे दुसऱ्या थाळीनंतर त्यांना असं तर वाटलं नसेल, की या पोरापासून जन्माची सुटका करून घ्यायला देवाचीच मदत घ्यावी? हर्षदाला विचारलं तर ती म्हणायची, “त्यांनाच विचार.” आणि तेवढी हिंमत मला झाली नाही. दर वर्षी जात होतो. तवा मात्र पुण्यातच ठेवत होतो.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. ते जुनं दुखणं नव्हतं. वय झालं होतं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. तेरावा झाला. पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सकाळी घरात पुन्हा शांतता झाली आणि आबा पुन्हा त्याच बाजेवर, त्याच रस्त्याकडे बघत बसले होते. त्या रस्त्यावरून आता कोणी यायचं नव्हतं. दोन दिवस त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. हर्षदाने पोहे केले, ते तसेच गार झाले.

आत्यांनी घडाचं एक केळं तोडून त्यांच्यासमोर धरलं. त्या आता वाकल्या होत्या. “दादा, आता तरी खा. आता काय?”

आबांनी केळ्याकडे पाहिलं आणि ते हातात घेऊन नुसतं गोंजारलं. मग मला हाक मारली.

“बापू. ते तुमचं फेरेंच टोस. येतं का अजून करता?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “आबा, तुम्ही सोडलंय ते.”

“जिच्यासाठी सोडलं ती गेली,” ते म्हणाले. “आता कोनासाठी सोडायचं?”

त्यांनी ते केळं माझ्या हातात दिलं.

तवा नव्हता. आत्यांच्या लोखंडी तव्यावर केला. व्हॅनिला नव्हतं, विलायची होती. कस्टर्ड पावडर किराण्याच्या दुकानातून आणली. आत्यांनी डबीचा वास घेतला, पण काही बोलल्या नाहीत. टोस्ट एका बाजूने जास्तच भाजला गेला. थाळी बाजेवर ठेवली आणि या वेळी मी उभा राहिलो नाही, शेजारी बसलो.

आबांनी खाल्लं. सावकाश, डोळे मिटून. मधेच थांबून रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते. थाळीत पाकाचा ठिपका राहिला नाही.

मी धीर केला. “आबा, एक विचारू? तेव्हा... तुम्हाला आवडलं होतं का?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, इतक्या वर्षांत या माणसाला एवढंही समजू नये. मग त्यांनी हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. जड, केळीच्या चिकाचे डाग पडलेला हात.

“फणस सोडणारी ती कौतिक,” ते म्हणाले. “मी फणस सोडणारा मानूस नही.”

मग थाळी माझ्यापुढे केली. “अजून एक आना.”

मी आत गेलो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. साखर करपली.